कच्ची वीट

ॲक्रिंग्टनच्या वाचनालयात, जिन्याच्या वळणाशी
एक काचेचं कपाट आहे.
चार निळे मणी, दात पडलेला कंगवा,
आणि मागच्या फळीवर, कुणी बघू नये अशी,
एक वीट.
चिठ्ठीवर एवढंच: हवारा. माती.
दाता, एका गिरणीमालकाची मुलगी.

शाळेची पोरं येतात, मॉरीन सांगते,
ममी कुठाय विचारतात,
नाही म्हटलं की जिना उतरतात.

मी विटेपुढेच थांबते.
भट्टीवाल्याची लेक.
वीट दिसली की हात आधी तिच्या पाठीवरून फिरतो,
मग वजन, मग बोटाच्या पेरानं टकटक,
आवाज खणखणीत की बद्द.
इथे टकटक काचेवरच होते.

मार्चात मी तिथे जाऊन आले.
फैयूमच्या बाजूला, बरसीमच्या शेतांपलीकडे
(तेही बरसीमच म्हणतात, आपल्यासारखं).
टॅक्सीवाला वाटेत दोनदा म्हणाला,
गिझाला चला ना बाई, तिथे उंट आहेत.

पिरॅमिड म्हणावं असं काही नव्हतं.
बाहेरचा दगड लोकांनी कधीच नेलेला.
उरला तो काळपट ढिगारा,
भट्टी रचून, न पेटवताच
मालक परागंदा व्हावा तसा.

तिकीट फाडणाऱ्या अब्देल-तव्वाबनं
मला खुर्ची दिली, चहा दिला,
मग दार दाखवलं.
पायऱ्या आत उतरत होत्या
आणि थोड्याच पुढे पाणी.
हिरवं. गप्प.
राजा खाली आहे का, मी विचारलं.
तो म्हणाला, शेजारून कालवा गेला, पाणी झिरपलं,
राजाला काही विचारायचं तर आधी पंप आणा.
आणि आपल्याच बोलण्यावर हसत बसला.

एक वीट पायाशी पडली होती.
उचलली नाही. नियम आहे, शिवाय त्याची नजर.
वाकून पाहिलं.
आत काड. अख्खं, पिवळं,
जवळजवळ चार हजार वर्षं पिवळंच.
बाबा तूस घालायचे, राख घालायचे,
काड दिसलं की गाऱ्यातल्या माणसावर ओरडायचे,
अरे, जळून भोक पडेल!
पण ही भाजायची नव्हतीच.
हिचं उन्हावरच भागलं.

कुठल्या तुम्ही, त्यानं विचारलं.
मी आधी कराड म्हणाले, मग इंडिया,
मग जे खरं ते:
ॲक्रिंग्टन. तेही विटांचंच गाव.
तिथे साच्यात 'आयर्न'ची अक्षरं उलटी बसली म्हणे,
वीट निघाली ती 'नोरी' हे नाव घेऊन,
आणि एवढी कडक निघाली
की चूक सुधारायला कुणी धजलं नाही.

हे त्याला फार आवडलं.
नोरी, नोरी, असं दोनदा म्हणून पाहिलं.
मग म्हणाला, आजोबा साहेबांच्या खणकामावर पाट्या वाहायचे.
निघालं ते खोक्यांत भरून तुमच्याकडे गेलं.
तिथे आमचं काही भेटलं तर सांगा...
आणि अडला.
काय सांगायचं ते त्याला सुचेना.
बरसीमकडे बघत राहिला.
पंप अजून आला नाही, म्हणाला, एवढं सांगा.

आज सांगितलं.
काचेवर वाफ धरेल इतकं जवळून, मराठीत.
दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार होते मी,
विटेशी मी दुसरं काही कधी बोललेच नाही.
मॉरीननं मान वर केली, खाली घातली.
बाहेर नेहमीचा भुरभुर पाऊस,
लाल भिंतींवर, ज्यांना त्याचं काही वाटत नाही.

वाफ विरली तेव्हा दिसलं,
इतके बुधवार कसं दिसलं नव्हतं,
डाव्या कडेला चार बोटं रुतलेली.
साचा उचलताना कुणाची तरी घाई.
संध्याकाळ झाली असेल, किंवा कुणी हाक मारली असेल.

बाबांनी हिला दुय्यम मालात काढलं असतं.